काखेत लिंबू चोळून घाम कायमचा बंद होत नाही

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की रोज काखेत लिंबू चोळा, आठवड्यात घाम कायमचा बंद. प्लीज फॉरवर्ड करू नका, हे खोटं आहे. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच, कातडीवरचे बॅक्टेरिया तो तयार करतात, लिंबाच्या आंबटपणाने ते थोडा वेळ दबतात म्हणून वास कमी वाटतो, पण घामाच्या ग्रंथी चालूच. आणि नुकतंच शेव्ह केलेल्या काखेत रस लावला की आग आग होते, तोच रस हाताला, मानेला राहून ऊन लागलं तर फोड येऊन काळे डाग पडतात, ते महिनोन् महिने जात नाहीत. वाळा, चंदन खुशाल लावा, सुवास येतो, घाम थांबत नाही. घाम कमी करायचाय तर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडवालं अँटीपर्स्पिरंट रात्री कोरड्या काखेत लावा. रात्री कपडे भिजतायत, वजन उतरतंय, तर आधी डॉक्टरांकडे जा, टीबी किंवा थायरॉइडही असू शकतो.