‘जुगाऱ्यांची आत्मस्तुती’ म्हणणाऱ्या वाचकास

मागच्या आठवड्यात मी माझ्या आवडीच्या पोकरच्या पुस्तकांवर लिहिलं होतं. त्यावर ‘एक पुणेकर’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉयल ब्रन्सन या अमेरिकन पोकरपटूच्या पुस्तकाचं साल मी चुकीचं दिलं. कॉम्प्युटर डावांची उत्तरं काढून द्यायला लागल्यापासून ही सगळी पुस्तकं शिळी झाली. ऑनलाइन पैसे लावून खेळायला आता कायद्यानेच बंदी आहे, मग असल्या लेखाचा उपयोग काय. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: ‘जुगाऱ्यांच्या आत्मस्तुतीला साहित्य म्हणणं आयतं बसून वाचणाऱ्यालाच सुचतं. ज्याच्या घरात कुणी बरबाद झालंय त्याला विचारा.’

सालाचं आधी बोलतो. तुमचं बरोबर आहे. मी १९७६ लिहिलं होतं. १९७६ आणि १९७७ ही ब्रन्सनच्या लागोपाठच्या दोन जागतिक विजेतेपदांची वर्षं, पुस्तक १९७८चं. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. पण चूक सांगायला एक ओळ पुरली असती. ‘साधं सालसुद्धा तपासता येत नाही त्याने पुस्तकांवर लिहू नये’ ही पुढची ओळ कशासाठी होती? गेली नऊ वर्षं मी इथे लिहितो आहे. वाचकांनी चुका दाखवल्या, मी त्या सुधारल्या, कुणी असं हाताला धरून घराबाहेर काढल्यासारखं बोललं नव्हतं.

आता ते शेवटचं वाक्य. ‘ज्याच्या घरात कुणी बरबाद झालंय त्याला विचारा.’ मला विचारा.

माझा सख्खा मामा नारायण पेठेत राहायचा. छापखान्यात कंपोझिंग करायचा, अक्षर सुरेख, हात पारव्यासारखे चपळ. पगार झाला की मित्राच्या मागच्या खोलीत तीन पत्ती. आधी फक्त दिवाळीत, मग गणपतीतही, मग शनिवारी, मग दिवस मोजण्यात अर्थ राहिला नाही. मी आठवीत होतो तेव्हा त्याची स्कूटर गेली. दहावीत होतो तेव्हा मामीच्या पाटल्या. त्या रात्री मामी आमच्याकडे आली होती. हात पदराखाली धरून बसली होती, आणि आईने चहाचा कप पुढे केला तरी तिने हात बाहेर काढला नाही. मी ओट्याशी उभा होतो. आज या वयातही मला तो पदर दिसतो.

मामा दुसऱ्या दिवशी आला आणि एकच म्हणाला, ‘काल नशीब नव्हतं गं.’ दर वेळी तो हेच म्हणायचा. जिंकला की डोकं, हरला की नशीब. त्या रविवारी आईने माझा हात देवासमोर धरून शब्द घेतला की पैसे लावून पत्त्यांना कधी शिवणार नाहीस. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तो शब्द मी मोडलेला नाही. तेव्हा ‘आयतं बसून’ हे तुम्ही कुणाला लिहिलंत, याची तुम्हाला कल्पना नव्हती हे मी समजू शकतो. पण कल्पना नसताना इतक्या ठामपणे लिहायचं कशाला?

आणि मी पोकरच्या पुस्तकांकडे वळलो तो याच मामामुळे. २००६ साली, पावसाळ्यात, डेक्कनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला डेव्हिड स्क्लान्स्कीचं पोकरच्या सिद्धांतावरचं पुस्तक मिळालं. साठ रुपये. कोपरे ओलाव्याने फुगलेले, आणि आधीच्या कुणा मालकाने पेन्सिलीने समासात आकडेमोड केलेली. एका पानावर त्याने लिहिलं होतं ‘३७ : ९’ आणि खाली दोन रेघा. मला काही कळेना. घरी येऊन पत्त्यांचा कॅट घेतला आणि जमिनीवर मांडला. हातात बदामाची दोन पानं, समोर उघडलेल्या चार पानांत आणखी दोन बदाम. एकच पान उघडायचं राहिलंय, आणि मला हवा पाचवा बदाम. म्हणजे सहा पानं दिसली, सेहेचाळीस दिसायची आहेत, त्यांत बदाम उरले नऊ. बदाम यायच्या नऊ शक्यता, न यायच्या सदतीस. म्हणजे दर एकाला चार न यायच्या, थोडं जास्तच. आता मध्ये तीनशे चिंचोके पडलेत आणि राहण्यासाठी मला शंभर टाकायचे आहेत, तर मिळकत एकाला तीन. टाकू नये. मध्ये पाचशे असतील तर एकाला पाच. टाकावेत. बदाम आला काय, न आला काय, निर्णय बरोबर की चूक हे पान उलटण्याआधीच ठरलेलं असतं.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. ‘काल नशीब नव्हतं’ या वाक्यात काय खोटं आहे, ते मला पहिल्यांदा समजलं होतं. मामाची पानं वाईट नव्हती. चौघांत बसलेल्या कुणालाही जशी पानं येतात तशीच त्यालाही येत होती. तो कधी पॅक करत नव्हता, म्हणजे पानं खाली ठेवून डाव सोडत नव्हता. एकदा शंभर घालवले की पुढची चाल दुप्पट. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. त्या शब्दावर लोकांनी अख्खी पुस्तकं लिहिली आहेत. जॅरेड टेंडलरच्या २०११च्या पुस्तकाचा तर मोठा भाग त्याच्यावर आहे, राग येतो कुठून, चूक झाल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो, याच्यावर. माझ्या आजोळी हा शब्द कुणाला माहीत असता तर काय झालं असतं, मी सांगू शकत नाही. पण निदान मामाने नशिबाला दोष देताना त्याला कुणीतरी थांबवलं असतं.

यात आत्मस्तुती कुठे आहे ते मला दाखवा.

ब्रन्सनच्या पुस्तकात आहे, कबूल. त्याचं पहिलं नावच मुळी ‘पोकर खेळून मी दहा लाख डॉलरहून जास्त कसे कमावले’ अशा अर्थाचं होतं, आणि १९७८ साली किंमत शंभर डॉलर. पण त्याच पुस्तकात त्याने खेळाच्या एकेका प्रकारासाठी त्या प्रकारातला दुसरा जाणकार गाठला आणि त्याच्याकडून प्रकरण लिहून घेतलं. स्वतःच्या मोठेपणाने भारावलेला माणूस दुसऱ्याला इतकी पानं देत नाही. आणि ज्या चालींवर त्याचं पोट चालत होतं त्याच छापून टाकल्या.

बाकीच्यांचं काय? जेम्स मॅकमॅनस या लेखकाला २००० साली ‘हार्पर्स’ मासिकाने लास व्हेगासला पोकरच्या जागतिक स्पर्धेवर लिहायला पाठवलं. गडी आगाऊ मिळालेले पैसे स्पर्धेत घालून स्वतःच खेळायला बसला आणि थेट पाचवा आला. २००३च्या त्याच्या पुस्तकात बढाई मारायला एवढी मोठी संधी होती. तो काय करतो? स्वतःचे दोन तुकडे करतो, चांगला जिम आणि वाईट जिम, आणि घरी बायकामुलं असताना वाईट जिम काय काय करतो हे लिहीत जातो. अ‍ॅल अल्वारेझ तर कवी आणि समीक्षक. १९८१ची तीच स्पर्धा बघायला लास व्हेगासला गेला, ती स्टू अंगरने जिंकली, आणि १९८३ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात हरणारी माणसं जिंकणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. हर्बर्ट यार्डली हा अमेरिकन सरकारसाठी सांकेतिक लिपी फोडणारा माणूस. १९५७ सालच्या त्याच्या पुस्तकात इंडियानातल्या छोट्या गावातल्या पोरवयापासून चीनपर्यंतचे डाव आहेत, आणि सगळ्याचा धडा एकच, पान नसेल तर खाली ठेव. पॅक कर. माझ्या मामाला जे जमलं नाही तेच.

तुम्ही म्हणाल, म्हणून काय हे साहित्य झालं? मग आपल्याकडे बघू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अक्षसूक्त. बोलतो तो हरलेला जुगारी. सासू तिरस्कार करते, बायको जवळ येऊ देत नाही, आणि ते फासे हाताला थंड लागतात पण काळीज जाळतात. माझ्या मामीचा पदर त्यात आहे. हे फासे बेहड्याच्या फळांचे. आणि वनपर्वात नळाची गोष्ट आहे, ती पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला दमयंतीमुळे आणि हंसामुळे ठाऊक असते, पण ऋतुपर्ण, नळ ज्याचा सारथी झाला तो राजा, कुणाला आठवत नाही. रथातून जाताना तो बेहड्याच्याच झाडाकडे बघून पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ झाड पाडून मोजतो, आकडा जुळतो. मग तो ऋतुपर्णाला अश्वविद्या द्यायचं कबूल करून बदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, घेतो, तेव्हा कुठे कली त्याच्या अंगातून निघतो. ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतात कुणाला? द्यूतात राज्य, भाऊ, बायको घालवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला. आणि गोष्ट संपल्यावर नुसता उपदेश करून उठत नाहीत, फाशांची विद्याही त्याला देतात. मोजता येऊ लागल्यावरच कली सुटतो, हे तिथे स्पष्ट आहे. स्क्लान्स्की वाचताना मला ऋतुपर्ण आठवला, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. ते राहिलं, ही माझी दुसरी चूक.

आम्ही चौघे मित्र गुरुवारी कोथरूडला एकाच्या घरी बसतो. चिंचोक्यांनी. दर वर्षी एकाची आई चिंचा फोडते तेव्हा नवे मिळतात. २००७पासून मी वही ठेवली आहे. किती चिंचोके आले-गेले याची नाही, प्रत्येक संध्याकाळी मी कुठला निर्णय चुकलो याची. डॅन हॅरिंग्टनच्या पहिल्या खंडामुळे ही सवय लागली. हा माणूस १९९५चा जागतिक विजेता, २००३ला तिसरा आणि २००४ला चौथा, तेही आधी आठशेहून आणि मग अडीच हजारांहून जास्त खेळाडूंच्या गर्दीत, आणि त्याच २००४ साली त्याचं पुस्तक आलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी डाव मांडून विचारतो, आता तुम्ही काय कराल? उत्तर देऊन मगच पान उलटायचं. मी वहीत उत्तर लिहायचो. माझी चूक सापडायची, आणि ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता यायची नाही.

कॉम्प्युटरच्या उत्तरांबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात तथ्य आहे, ब्रन्सनच्या काही चाली आज चालणार नाहीत. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. कायद्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या कायद्याची बंदी ऑनलाइन पैशांच्या खेळांना आहे, पुस्तक वाचायला नाही, आणि मी पैशांनी खेळत नाही हे वर आलंच. मराठीत एकही पुस्तक सुचवलं नाही अशीही तक्रार आहे. सुचवण्यासारखं माझ्या वाचनात नाही.

मामाचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तुम्ही बरबादीवर बोललात. खेळ सुटला, तो शेवटी छापखाना बंद पडल्यावर. शेवटची काही वर्षं तो आमच्याकडे यायचा, दुपारी पडून वाचायचा. एकदा टेबलावरचं अल्वारेझ उचललं. त्याचं इंग्रजी बेताचं, पण कंपोझिटरचा डोळा, ओळ सोडत नसे. चार दिवस घेतले. परत देताना म्हणाला, ‘हा स्वतः किती हरलाय ते नीट लिहीत नाही.’ मी म्हटलं, लिहितो की, तुला कळलं नाही. तो म्हणाला, ‘नाही. हरलेल्या माणसाला कळतं.’ या लेखकावरची मी ऐकलेली सगळ्यात खरी टीका तीच. माझ्या यादीवर टीका करायची असेल तर तशी करा. पुस्तक उघडून, ओळ सोडल्याशिवाय. तुमच्या प्रतिक्रियेत एकाही पुस्तकातली एकही गोष्ट नाही.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. साल दुरुस्त झालं आहे. तुम्ही पुण्यात आहात म्हणता, तर स्क्लान्स्कीची ती साठ रुपयांची प्रत माझ्याकडे आहे, हवी असेल तर वाचायला देईन, पेन्सिलीच्या खुणा मात्र पुसायच्या नाहीत. ‘आयतं बसून’ हे दोन शब्द तुम्ही मागे घ्यावेत, एवढी माझी अपेक्षा आहे.