आवाज दाबून दे की गा

नवरदेवाच्या मामांनी बेळगावच्या शहापुरातल्या त्यांच्या सोप्यात, सोळा पाहुण्यांसमोर, कुंद्याचा चमचा माझ्यावर रोखला आणि म्हणाले, "आवाज मागनं यालाय." कालचीच गोष्ट. कुंदा अजून पचलेला नाही.

काम होतं मीच टिपलेल्या चाळीस मिनिटांच्या लग्नाच्या व्हिडिओचा आवाज 'दाबून' द्यायचं. हा शब्दच घातकी. एक दाबणं फाईलचं. कॅमेऱ्यातला कच्चा स्टिरिओ आवाज, ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने), १६ बिट, चाळीस मिनिटांना ४६० एमबी खातो. तोच एएसी या आटोपशीर प्रकारात, सेकंदाला १२८ किलोबिटवर आणला की ३८ एमबीत बसतो. दुसरं दाबणं चढउताराचं. ताशा कान फाडतो नि भटजी पुटपुटतात, म्हणून ताशाला खाली बसवायचं. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्यावर गेलं की दाबायचं ती रेषा, उणे १८ डेसिबल (डीबी); रेशो, म्हणजे किती पट दाबायचं ते, ३:१. म्हणजे त्या रेषेवर १२ डीबी उसळणारा ताशा ४ डीबीच उसळतो. अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० मिलीसेकंद; रिलीज, म्हणजे सोडायला लागणारा, २५०. रिलीज दोन सेकंद ठेवलात तर ताशा थांबला तरी हात गळ्यावरच राहतो आणि पाठोपाठचं मंगलाष्टक गिळलं जातं. मामांना यातलं कुठलं दाबणं हवं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोन्ही केली. तीच चूक.

"दाबलास म्हणूनच मागं पडला की," मामा म्हणाले. "पोत्यात जोंधळा दाबला की खाली बसतोय, तसा आवाज खाली बसलाय."

"मामा, दाबल्यानं लांबी बदलत नाही."

"मग हे बघ की गा! अक्षता आधी पडल्या, 'सावधान' मागनं आलं. पोरगा सावध व्हायच्या आधीच लगीन लागलं!"

सोळाच्या सोळा हसले. नवरी सगळ्यांत जास्त. नवरदेव मात्र विचारात पडला.

मागंपुढं होण्याची कारणं वेगळी असतात हो. आवाज एमपी३ करून परत जोडला तर सुरुवातीला हजारेक नमुन्यांची शांतता चिकटते, म्हणजे वीसेक मिलीसेकंद. ते कुणाच्या बापाला कळत नाही. ४८ हजारांचा आवाज ४४.१ हजारांचा समजून वाजवला तर चाळीस मिनिटांचं लग्न साडेत्रेचाळीस मिनिटं चालतं, भटजींचा आवाजही जाड होतो. मोबाईलवरच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळं सुरुवात जुळते नि शेवट घसरतो. म्हणून मी चित्राला हातच लावत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये चित्र 'कॉपी', फक्त आवाज नव्यानं. आवाजाची पातळी सारखी करणारा लाउडनॉर्म फिल्टर लावलाच तर शेवटी ४८ हजार बजावून सांगायचं, नाहीतर तो आवाज गुपचूप १९२ हजारांवर नेऊन ठेवतो. तपासायचं ताशाच्या काठीवर: काठी चामड्याला टेकते ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक एकाखाली एक. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलीसेकंदांची. हे मी पहिल्या आणि शेवटच्या ताशावर पाहिलं होतं. जुळत होतं.

शिवाय आवाज उशिरा आला तर माणूस बराच खपवून घेतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या आकड्यांप्रमाणं चित्राआधी ४५ मिलीसेकंद आला की खटकू लागतो, मागून आला तर १२५ पर्यंत चालतो. साहजिक आहे; मांडवात चाळीस मीटर लांब बसलात तर ताशा तेवढा उशिराच पोचतो. पण मामांना आयटीयू सांगणार कोण? दोन दिवस कॅमेरा धरून उभा होतो तेव्हा चहा विचारायला कुणी नव्हतं. ओठ मोजायला सोळा जण.

मग टीव्हीमागं वाकून पाहिलं. आवाज टीव्हीतून येतच नव्हता. कपाटावरच्या ब्लूटूथ डब्यातून येत होता. ब्लूटूथ आवाज आधी गुंडाळतो, पाठवतो, साठवतो, मग सोडतो. दीडदोनशे मिलीसेकंद सहज जातात. डबा बंद केला. 'सावधान' आलं, मग अक्षता पडल्या.

"बघा मामा."

"आवाज बारका झाला की," मामा म्हणाले. "डबा जावयानं दिलाय. तो काढायचा नाही. तूच काहीतरी कर."

केलं. करतो काय? चित्र ०.२ सेकंद उशिरानं सुरू होईल अशी दुसरी फाईल दिली. डब्यावर झकास जुळली. मामांनी लगेच तीच फाईल सगळ्या पाहुण्यांना धाडली. आज सकाळी निपाणीहून फोन आला, आवाज आधी यालाय म्हणून.