महाराजांवर प्रेम असणाऱ्याने त्यांची जन्मतारीख शोधू नये?

"इतिहास लिहायचा तर अस्मिता बाहेर चपलांशेजारी काढून ठेवा, शिवाजी महाराजांवर प्रेम करणाऱ्याच्या हातून सत्य निघणार नाही," असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातले दावे एकेक करून बघू.

पहिला दावा: प्रेम असलं की माणूस सोयीचाच कागद पुढे करतो. करतोही पुष्कळदा. पण शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव टिळकांनी १८९०च्या दशकात उभा केला, तेव्हा रूढ तिथी होती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. तिला सुरुंग लावणारी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची, शकवार घटनांची जुनी नोंदवही) १९१६ साली उजेडात आणली तीही टिळकांनीच. तिच्यात निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१.

दुसरा दावा: भावना आली की तपासणी संपली. शकावलीतली नोंदच हातात घ्या: शुक्ल संवत्सर, शुक्रवार, हस्त नक्षत्र. संवत्सरांची साठ नावं ओळीने फिरत राहतात, म्हणून नाव ताडून बघता येतं. शकात १२ मिळवा, १५६३. ६०ने भागा, बाकी ३. प्रभव, विभव, शुक्ल: तिसरं नाव जुळलं. नकलकाराने शकाचा आकडा चुकवला असता तर ते जुळलं नसतं.

आता वार. शकात ७८ मिळवून १६२९ काढणारे इथेच घसरतात. फाल्गुन वद्य पक्ष इंग्रजी वर्ष पालटल्यावर येतो, म्हणून ७९ मिळवायचे: १६३०. उत्तरेकडचा पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) महिना धरला तर तिथी महिनाभर आधी जाते आणि शुक्रवार हुकतो. आपला अमान्त (अमावास्येला संपणारा) धरला की जुन्या ज्युलियन कॅलेंडरची १९ फेब्रुवारी येते, वार शुक्रवार. (आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने हाच दिवस १ मार्च, तारखेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.) गणित करणाऱ्याचा ऊर कितीही भरून आला, तरी बाकी ३ची ४ होत नाही.

तिसरा दावा: भक्तीने लिहिलेलं पुराव्यात धरू नये. 'शिवभारत' हे कवीन्द्र परमानंदाचं काव्य. कवी महाराजांच्या पदरचा, त्यामुळे स्तुती ओसंडून. ती स्तुती म्हणूनच वाचायची. पण जन्माचा शक त्याने, अंकांऐवजी ठरावीक शब्द वापरायच्या जुन्या रीतीने, शब्दांत बांधला आहे: भू, बाण, प्राण, चंद्र, म्हणजे १, ५, ५, १. असे अंक उजवीकडून वाचायचे असतात. इथे कुठूनही वाचा, १५५१च. शकावली होती कारीच्या जेध्यांकडे आणि या काव्याची पोथी सापडली थेट तंजावरला; तरी दोन्हींत शक एकच.