शाळेची भाजी आणि माझे अठरा गुंठे

गावच्या ग्रुपवर चार दिवस नुसता धुरळा उडालाय. झालं काय, एका मास्तरांनी साधी सूचना टाकली की माध्यान्ह आहाराची भाजी बेळगावच्या मार्केटातनं आणण्यापेक्षा गावातल्याच चार-पाच शेतकऱ्यांकडनं घ्या की, महिन्याचा भाव ठरवून. बास एवढंच. त्यावर एक म्हणतो शेतकऱ्याला पावती कुठं फाडता येते, दुसरा म्हणतो सगळं अध्यक्षाच्या भावकीतच जाणार, तिसरा म्हणतो आधी परिपत्रक मराठीतनं द्या मग बघू. आणि आमचा चुलतभाऊ, जो स्वतः मार्केटात दलाल आहे, तो म्हणतो, "असलं जगात कुठं चालत नाही."

तिथं माझं डोकं सटकलं. मी जिथं राहतो तिथं चालतंय बाबा, आणि कायद्यानं चालतंय.

ब्राझीलमध्ये रिबेरांव प्रेतोजवळ साखर कारखान्यात मला बारा वर्षं झाली. इथं शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडनं जो पैसा येतो त्यातले किमान 30 टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावरच खर्च करायचे असा 2009 चा कायदा आहे, आणि 2026 पासून ते 45 टक्के केलेत. त्यासाठी टेंडर लागत नाही, कारण टेंडर काढलं की मोठा सप्लायर आलाच. नगरपालिका बाजारातले भाव बघून दर आधीच जाहीर करते आणि मग विचारते, बोला, कोण देणार? एका कुटुंबानं वर्षाला किती रकमेचा माल द्यायचा त्यालाही मर्यादा आहे, म्हणजे भावकीचा प्रश्न निदान कागदावर तरी मिटला. हिशेब बघायला कमिटी असते, तिच्यात पालक पण असतात.

आमची शेजारीण शाळेत मेरेंदा, म्हणजे पोरांचं जेवण, करते. एकदा तिची गाडी चालू होईना म्हणून सकाळी साडेसहाला मी सोडायला गेलो. मागच्या दारात एक म्हातारा जुन्या फियाटमधनं लेट्यूसचे क्रेट उतरवत होता, मुळांना अजून तांबडी माती चिकटलेली. हिनं एकेक क्रेट काट्यावर ठेवला, वजन लिहिलं, एका क्रेटमधली पानं पिवळी पडलेली होती तो बाजूला सारला. म्हाताऱ्यानं एक शब्द न बोलता तो परत डिकीत टाकला, कॉफी प्याला, सही केली, गेला. भाव किती मिळेल म्हणून कुणाच्या तोंडाकडं बघत उभं राहणं नाही.

आमचे बाबा बघत उभे राहायचे. मी नववीत असताना एकदा त्यांच्याबरोबर कोबी घेऊन गेलो होतो, पहाटे चारला. सवाल म्हणजे लिलाव झाला, कमिशन कापलं, हमाली कापली, आणि टेम्पोचं भाडं बाबांनी खिशातनं दिलं. येताना त्यांनी मला कुंदा घेऊन दिला, स्वतः खाल्ला नाही. चुलत्याचा पोरगा तेव्हा शाळेत होता, आज तो मला जगात काय चालतं ते शिकवालाय.

आणि जगाचं कशाला, कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध 2013 पासून शाळेत येतंय की, ते कुणाचं? दोन म्हशीवाल्यांचंच, डेअरीतनं गेलेलं. गोवा सरकारचं महामंडळ बेळगावची भाजी नेऊन तिकडं स्वस्तात विकतंय. म्हणजे आपला कोबी गोव्याच्या सरकारला चालतो, आपल्या शाळेला चालत नाही!

खरं सांगायचं तर इथंही सगळं गोड नाही. आमच्या भागात बघावं तिकडं ऊसच, छोटा शेतकरी शोधावा लागतो. कितीतरी गावं ते 30 टक्के सुद्धा गाठत नव्हती. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. माझी पोरगी खाजगी शाळेत जाते, डबा नेते, हे पण लिहिलं नाही.

परिपत्रक मराठीतनं मागणाऱ्याला मात्र मी काही बोललो नाही. 1956 ला बेळगाव कानडी राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्या माणसांनी ऑफिसात न कळणाऱ्या कागदांवर अंगठे उठवलेत, बाबांना उतारा कायम दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा लागला. पण मग माझं मलाच हसू आलं, पोर्तुगीज मी दोन वर्षांत शिकलो, टॅक्स भरण्याइतकं शिकलो, आणि कन्नड? बसची पाटी वाचता येते, तेवढंच. शिकायची गरज पडली नाही म्हणतो मी. खरं म्हणजे शिकलो असतो तर हरल्यासारखं वाटलं असतं, आणि इथं हरण्याचा प्रश्नच नव्हता कारण इथलं माझं काही नाही.

मग मी जोरात लिहिलं, कायदा करा, शेतकऱ्याचं घर वाचवा वगैरे, चांगला दोन पानी मेसेज. चुलतभावाचं एका ओळीत उत्तर आलं, "तुझ्या वाट्याच्या अठरा गुंठ्यांत काय पिकतंय सध्या?"

गेल्या वर्षी साओ पावलोच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन मी पॉवर ऑफ अॅटर्नीवर सही करून आलो. ज्या शिवारात आमचा बासमती व्हायचा तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेत. पैशातनं इथल्या घराचे हप्ते फिटले, व्यवहार सगळा नीट झाला, कुणी फसवलं नाही मला.

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. भावाला तेवढा फोन केला. तो म्हणाला, प्लॉटवर अजून कोण बांधत नाही, म्हणून दगडांच्या मधनं रताळी लावलीत, यंदाच्या पावसापुरती.