रेवतीची उंची कमी करू नका

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या लेकीनं स्वतः लिहिलेली एक कथा मला वाचायला दिली. काळप्रवासातली प्रेमकथा. आजचा २२ वर्षांचा मुलगा आणि १९१७ सालातून इथे येऊन पडलेली २० वर्षांची मुलगी. असलं काही हाती लागलं की मी बाकीची कामं बाजूला ठेवते, इतका हा प्रकार मला जवळचा आहे. पण पहिली सहा पानं ती मुलगी नुसती दचकतच होती. मोबाइल बघून दचकली, लिफ्टमध्ये दचकली, आपोआप उघडणाऱ्या दाराशी दचकली. तो शेजारी उभा राहून समजावत होता. सातव्या पानावर ती त्याच्या प्रेमात पडली.

वाचताना मला सारखी रेवती आठवत होती.

भागवताच्या नवव्या स्कंधात ती येते. राजा ककुद्मी लेकीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून बापलेक क्षणभर थांबतात. गाणं संपल्यावर राजा प्रश्न विचारतो आणि ब्रह्मदेव हसतो. तू ज्यांना मनात धरून आलास ते केव्हाच गेले. त्यांचे मुलगे, नातू, पणतू यांचंही नाव कुणी घेत नाही. तुम्ही इथे होतात तेवढ्यात खाली २७ चतुर्युगं उलटली. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं. म्हणजे साडेअकरा कोटींहून जास्त वर्षं, एका गाण्यात! मग ब्रह्मदेव बलरामाचं नाव सांगतो, दोघं पृथ्वीवर परततात, लग्न लागतं, राजा तपाला निघून जातो.

विष्णुपुराणात एक तपशील जास्तीचा आहे. रेवती फार पूर्वीच्या युगातली, त्यामुळे आताच्या माणसांपुढे फारच उंच. बलराम नांगराच्या टोकानं तिला खाली आणतो आणि ती इतर बायकांएवढी होते.

लहानपणी हे ऐकलं तेव्हा गंमत वाटली होती. आता घसा दाटून येतो. एका गाण्यापुरती बाहेर गेलेली मुलगी परत येते, तर तिला नावानं हाक मारणारं कुणी शिल्लक नाही. बोलत होती ती बोली राहिली असेल का, खेळली त्या जागा ओळखू येत असतील का, ज्यांचा विचार तिच्यासाठी चालला होता त्यांतला एखादा तिला आवडत होता का? कशाचाच पत्ता नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काय उरलं, तर उंची. आणि तीही बेतात आणली.

दोन युगांची प्रेमकथा लिहायला बसणारे कितीतरी जण आजही हातात तोच नांगर घेऊन बसतात. जुन्या काळातून आलेली व्यक्ती, मुलगी असो की मुलगा, आजच्या मापात बसवायची. तिला भोळी, घाबरट करून टाकायचं आणि आजच्याला मास्तर. हे मला अजिबात पटत नाही.

मैत्रिणीच्या लेकीला मी एकच प्रसंग सुचवला. मुलगा काहीतरी चिरत असताना बोटाला सुरी लागते. तो बोट नळाखाली धरतो, झटकतो, पुन्हा कामाला लागतो. आणि ती पांढरीफटक पडते. पेनिसिलिनचा शोध १९२८चा, आणि ते सर्रास मिळायला लागेपर्यंत १९४०चं दशक उजाडलं. तिच्या जगात बोटाची जखम चिघळली की आठवड्याभरात माणूस हातचा जाऊ शकतो. कदाचित तिचा भाऊ असाच गेलाय. ती त्या रात्री झोपत नाही. दर थोड्या वेळानं दिवा लावून त्याचा हात उजेडात धरते, मनगटाकडे लाल रेघ चढत चाललीय का बघते. आधी त्याला हसू येतं. मग पहाटे कधीतरी त्याच्या लक्षात येतं की आपल्या एका बोटासाठी आजवर असं कुणी जागलेलं नाही. या प्रसंगात ती कुठेही अडाणी नाही. मरण किती जवळ असतं हे तिला ठाऊक आहे, त्याला नाही. ती पूर्ण उंचीची आहे.

आता त्याच्या बाजूनं बघा. ती जिथून आली तिथे पुढच्याच वर्षी, १९१८मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ येणार आहे हे तो जाणून आहे. त्या साथीत जगभर कोट्यवधी माणसं गेली. अशा तापात एरवी लेकरं आणि म्हातारी माणसं जातात. या साथीनं २० ते ४० वयाची धडधाकट माणसंही उचलून नेली. म्हणजे तिच्याच वयाची. आणि तिला तर परत जायचंय, घरी आई आहे. सांगायचं का? सांगितलं आणि ती थांबली, तर ती त्याच्यासाठी थांबली की भीतीनं, हे त्याला जन्मभर कळणार नाही. सांगितलं नाही, तर हा कसला जीव लावणारा! माझ्या लेखी प्रेमकथा इथे सुरू होते, लिफ्टमध्ये नाही. पुढच्या काळातून बघणाऱ्याला समोरच्याचं पुढचं सगळं माहीत असतं. एकाला सगळं ठाऊक आणि दुसरी अंधारात, अशा नात्यात बरोबरी कुठून येणार? ती आणण्यासाठी तो काय करतो, त्यावर माझं त्याच्याबद्दलचं मत ठरतं.

तोच दिवस पुन्हा पुन्हा जगणाऱ्या नायकाच्या गोष्टी मला याच कारणानं सहन होत नाहीत. तिला कुठलं फूल आवडतं, कशावर हसते, कशानं चिडते, हे पाठ करून तो शंभराव्या दिवशी तिचं मन जिंकतो. तिच्यासाठी ती पहिलीच भेट असते. समोरचा माणूस उत्तरं पाठ करून आलाय हे तिला माहीतच नसतं. लोक याला रोमँटिक म्हणतात, मी फसवणूक म्हणते.

यंत्र कसं चालतं यावर पानं खर्च करू नयेत असं मला वाटतं. पण विज्ञानाकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. पुढच्या काळात जाता येतं हे सिद्ध झालेलं आहे. १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सिझियमची अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तर ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळेनात. फरक सेकंदाच्या अब्जांश भागांचा होता, पण आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार यायला हवा तसाच होता. वेग वाढवत न्या, फरक वाढत जातो. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगानं जाणाऱ्याचं एक वर्ष म्हणजे इथली सुमारे दहा वर्षं. विशीतली दोघं निरोप घेतात, ती तीन वर्षं प्रवास करून २३ची होऊन दारात उभी राहते, आणि दार उघडणारा ५० वर्षांचा असतो. मागे यायची वाट मात्र कुणाला सापडलेली नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मुद्दाम नंतर पाठवली. कुणीही आलं नाही.

कथेत मागे जायला माझी हरकत नाही. पण मनात येईल तेव्हा घरी डोकावून येता येत असेल, तर प्रेमासाठी तिनं सोडलं काय? ब्रह्मलोकाची कथा रचणाऱ्यानं रेवतीच्या मनात डोकावून पाहिलं नाही हे खरं, पण तिला परतीची वाटही दिली नाही. गेलेलं ते गेलंच. तेवढं त्याला नक्की कळलं होतं.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो. या जोडप्यांचं उलटं असतं. वेळ आलेली असते, काळ तेवढा एक नसतो.

मला हे सगळं इतकं का लागतं तेही सांगते. १९ वर्षांची असताना मी ग्रंथालयातून एक कवितासंग्रह आणला होता. समासात बारीक अक्षरात पेन्सिलीच्या नोंदी होत्या. मी जिथे जिथे थांबत होते तिथेच. एका ओळीशेजारी लिहिलं होतं, "हे खोटं आहे." दोन पानं पुढे त्याच अक्षरात, "नाही, खरं आहे." मागे तारखांचे शिक्के मारायच्या कागदावर शेवटचा शिक्का १९६१चा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. मी ते पुस्तक दंड भरत तीन आठवडे जास्त ठेवून घेतलं. ते अक्षर कुणाचं होतं, मुलाचं की मुलीचं, मला कधीच कळलं नाही. त्या अक्षराचं आजचं वय मी एकदा बोटांवर मोजलं आणि खूप रडले. परत करायच्या दिवशी "खरं आहे"च्या खाली पेन्सिलीनं "हो" लिहिलं.

काल मैत्रिणीच्या लेकीचा निरोप आला. तिनं कथा पहिल्यापासून लिहायला घेतलीय. आता पहिल्या पानावर ती मुलगी दचकत नाही. हातात मोबाइल धरते, तो कशासाठी असतो हे नीट ऐकून घेते आणि मुलाला विचारते, "माझ्या घरच्यांचं पुढे काय झालं, ते यात लिहिलेलं असेल का?"