टायरची आतली कड पाहिली का?
एसयूव्हीचे टायर लवकर झिजण्याचा सारा दोष एका लेखात निकृष्ट रबरावर ठेवला आहे, तो मला पटला नाही. माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर २२,००० किलोमीटरलाच गेले. बाहेरून नक्षी शाबूत दिसत होती, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेवरून हात फिरवला तेव्हा तारा बोटाला टोचल्या. चाकांचा टो, म्हणजे पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला होता, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, न करता नवे टायर घातले असते तर तेही तसेच वाया गेले असते. नवे घेताना भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा आणि बाजूवरील, टायर कधी बनला ते सांगणारे चार अंक वाचावेत: ‘१४२५’ म्हणजे २०२५ चा १४वा आठवडा. केवळ डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्याने निव्वळ रुबाबासाठी ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारे खोल नक्षीचे, टायर घेऊ नयेत. ते आवाज करतात आणि इंधनही जास्त खातात.