गोकुळनगरची आठवण आणि सिडनीतला एक रस्ता

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी रात्रीच्या जुन्या सांगलीचा विषय काढला. शेवटचा शो सुटल्यावर टॉकीजबाहेर उडणारी झुंबड, आम्लेट-पावाच्या गाड्या, जत्रेच्या दिवसांत कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा, आणि मग ओघानंच गोकुळनगर, सांगलीतली वेश्यावस्ती. काहींनी डोळा मारणाऱ्या इमोजी टाकल्या. तासाभरात दुसरी बाजू जागी झाली. शहराच्या एवढ्या आत ही वस्ती कशाला, हटवा सगळं, जागा मोकळी करा. दोन्हीकडून भरभरून लिहिलं गेलं. मी सिडनीत राहते, त्यामुळं हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कामावर जाताना एकदमच वाचायला मिळालं. वाचून मी फार अस्वस्थ झाले. एवढ्या मोठ्या चर्चेत गोकुळनगरात राहणारी एक बाई नव्हती, कुणाच्या वाक्यातसुद्धा नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या वस्तीच्या आठवणीवर आणि तिचं पुढं काय करायचं या निर्णयावर पहिला हक्क तिथं राहिलेल्या बायकांचा आहे. गिऱ्हाईकाचा नंतर, शेजाऱ्याचा त्याच्या नंतर, आणि माझ्यासारख्या परदेशात बसलेल्या माणसाचा सगळ्यात शेवटी.

सिडनीत किंग्ज क्रॉस नावाचा भाग आहे. एके काळी सबंध ऑस्ट्रेलियात त्याच्याइतका बदनाम भाग दुसरा नव्हता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1967 पासून, सुट्टीवर सोडलेले अमेरिकन सैनिक इथं यायचे. डार्लिंगहर्स्ट रोडवर बार, स्ट्रिप क्लब, वेश्यागृहं, जुगाराचे अड्डे आणि पुढं हेरॉइन, सगळं एका रांगेत होतं. या सगळ्यावर पोलिसांचे हप्ते ठरलेले. 1994 मध्ये पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला आयोग बसला, तेव्हा एका डिटेक्टिव्हच्या गाडीतल्या छुप्या कॅमेऱ्यानं त्याच्याच सहकाऱ्यांना पैसे घेताना टिपलं. ती चित्रं लोकांनी टीव्हीवर पाहिली. त्याच सुमाराला, 1995 मध्ये, न्यू साउथ वेल्स राज्यानं कायदा बदलला आणि वेश्यागृह चालवणं हा गुन्हा राहिला नाही. ते कुठं असावं, किती वाजेपर्यंत चालावं, हे इतर धंद्यांसारखं नगरपालिकेनं बघायचं. शाळा, चर्च, घरं यांच्याजवळ रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक शोधणं आजही गुन्हा आहे. पण हप्ता उकळायला पोलिसाच्या हातात जे मुख्य हत्यार होतं, ते गेलं.

मग 2014 आलं. दोन तरुण मुलं रात्री रस्त्यावर एकेका ठोशात मेली होती. लोक हळहळले, चिडले, आणि ते बरोबरच होतं. जवळच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलचे डॉक्टरही कडक नियमांच्या बाजूनं उभे राहिले. सरकारनं रात्री दीडनंतर बारमध्ये नवीन माणूस घ्यायचा नाही आणि तीननंतर दारू द्यायची नाही असा नियम केला. शहरातला कॅसिनो मात्र त्या हद्दीबाहेर ठेवला. किंग्ज क्रॉसवरचा हा नियम मार्च 2021 मध्ये उठला, तोवर बहुतेक जुने क्लब बंद झाले होते आणि त्या जागी महागडे फ्लॅट उभे राहत होते. बिल्डरांची ही ओढ जुनीच आहे. शेजारच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या भाडेकरूंना हुसकावून टॉवर बांधायला विरोध करणाऱ्या ज्वानिता नील्सन 4 जुलै 1975 ला बेपत्ता झाल्या. त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही.

आता तिथल्या फूटपाथवर जुन्या किंग्ज क्रॉसच्या आठवणींच्या धातूच्या पाट्या बसवल्यात. गावाकडून कुणी आलं की आपलीच मराठी माणसं त्यांना तिथल्या कोका-कोलाच्या मोठ्या जाहिरातीखाली उभं करून फोटो काढतात आणि भागाचा इतिहास कौतुकानं सांगतात. तीच माणसं ग्रुपवर गोकुळनगर उठवा म्हणतात. परक्या शहराची बदनामी इतिहास म्हणून बघायची आणि आपल्या गावातली घाण म्हणून, हे मला मान्य नाही. आणि एक गोष्ट इथून बघितल्यावर पक्की कळली: अशी वस्ती नीतीच्या नावानं हलते, पण तिची जागा घेतो तो बिल्डर.

माझ्या वडिलांचं कापड पेठेत दुकान होतं. गोकुळनगरच्या बायका दुपारी यायच्या, पेठेत गर्दी नसेल तेव्हा. बऱ्याच जणी बेळगाव-विजापूरकडच्या, काही सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या. बाबा त्यांच्याशी कानडीत बोलायचे, अक्का म्हणायचे, गादीवर बसवून इरकली लुगडी उलगडून दाखवायचे. शेजारचे दुकानदार नाराज असत. घरंदाज गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांनी बाबांना सांगूनही पाहिलं. बाबांनी ऐकलं नाही. त्या बायका मुलांच्या शाळेचं बोलायच्या, घरी पाठवायच्या पैशाचं बोलायच्या, भिशीचं बोलायच्या. मी तिथं बसून गृहपाठ करायचे. माझ्या लेखी गोकुळनगरची आठवण ही आहे. ग्रुपवरच्या इमोजीत मला त्यातली एकही बाई ओळखता येत नाही.

याच सांगलीत 1992 पासून संग्राम संस्थेनं एचआयव्हीचं काम उभं केलं. कंडोम वाटायचे ते तिथल्याच बायकांनी, गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं हे एकमेकींना शिकवायचं तेही त्यांनीच. त्यातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, सगळे तिला व्हॅम्प म्हणतात. नावातच वेश्या हा शब्द ठेवायचं धाडस त्या बायकांनी केलं. पुढं अमेरिकेनं 2003 मध्ये एड्सच्या मदतीला अट घातली, की पैसा हवा तर वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या. संग्रामनं ते लिहून दिलं नाही, 2005 मध्ये अमेरिकन पैसा परत केला. सिडनीत लैंगिक कामगारांची स्वॉप नावाची संस्था सरकारी आरोग्य खात्याच्या पैशावर चालते आणि धोरण ठरवताना तिला विचारतात. सांगलीतल्या बायकांनी तेवढंच मोलाचं काम परक्या सरकारला नाही म्हणून आणि स्वतःच्या गावाचे टोमणे खाऊन केलं. मला याचा अभिमान वाटतो, आणि आमच्या ग्रुपवर बहुतेकांना हे माहीतच नाही याचं फार वाईट वाटतं.

त्याच 2005 साली आपल्याच जिल्ह्याचे, तासगावजवळच्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री होते आणि त्यांनी डान्सबारवर बंदी आणली. आबांबद्दल मला मनापासून आदर आहे. गाडगेबाबांच्या नावानं त्यांनी चालवलेलं ग्रामस्वच्छता अभियान मी गावोगाव पाहिलंय. तरुण पोरं बारमध्ये पैसा उडवून घरं बुडवतात ही त्यांची कळकळ खरी होती. पण बंदीत तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. सिडनीच्या कॅसिनोचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. आणि बारमधल्या बायकांचं काय झालं? मुंबई उच्च न्यायालयानं 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं 16 जुलै 2013 ला तो निकाल कायम केला. त्या निकालपत्रात 75,000 बायकांच्या रोजगाराचा उल्लेख आहे, आणि काम गेल्यानं त्यातल्या बऱ्याच जणींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं हेही न्यायालयानं नोंदवलंय. बायकांना वाचवायला म्हणून केलेला कायदा त्यांना कुठं नेऊन सोडतो, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलंय. गोकुळनगर हटवा म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, की त्या बायका दुसऱ्या दिवशी कुठं झोपतील?

वस्तीत शोषण नाही असं मी म्हणत नाही. अल्पवयीन मुलींना फसवून, विकून आणलं जातं, आणि त्यावर कडक कारवाई व्हायलाच हवी, तिथं मला कसलीही सवलत नको. पण अशी मुलगी वस्तीत आली तर पहिल्यांदा कळतं ते तिथल्याच बायकांना. त्यांना पोलिसाची भीती नसेल तर त्या सांगतील. आपला 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा त्यांना ती मोकळीक देत नाही. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं हे काम करणं हा त्यात थेट गुन्हा नाही, पण तिच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा माणूस गुन्हेगार ठरू शकतो. म्हणजे आईच्या पैशावर कॉलेजात शिकणारा मुलगासुद्धा. हे कलम मला सगळ्यात जास्त छळतं, कारण दुकानात त्या बायका सगळ्यात जास्त बोलायच्या त्या मुलांच्या शिक्षणाबद्दल.

सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 च्या आदेशात पोलिसांना बजावलं, की या बायकांना माणूस म्हणून वागवा. छाप्यात स्वेच्छेनं काम करणाऱ्या सज्ञान बाईला पकडू नका, आई या धंद्यात आहे एवढ्याच कारणानं मूल तिच्यापासून तोडू नका, अशा न्यायालयानं नेमलेल्या समितीच्या शिफारशीही त्या आदेशात आहेत. कोविडमध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 असे तीन महिने दरमहा 5,000 रुपये दिले, शाळेत जाणारी मुलं असतील तर 2,500 जास्त. म्हणजे मनात आणलं तर सरकारला या बायका सापडतात, त्यांची यादी होते, पैसे पोचतात.

मग विकासाच्या वेळीही त्या सापडल्या पाहिजेत. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका जेव्हा केव्हा त्या भागाचं विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा रस्ता बदलायला घेईल, तेव्हा नेहमीप्रमाणे हरकती-सूचना मागवेल. माझ्या ग्रुपमध्ये दोन वकील आहेत, एक आर्किटेक्ट आहे, एकाची वहिनी नगरसेविका होती. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. ती नोटीस फक्त पेपरात छापून थांबू नये, गोकुळनगरात आणि मिरजेच्या प्रेमनगर या तशाच वस्तीत भिंतीवर मराठीबरोबर कानडीतही लागावी. सुनावणी दुपारी ठेवावी, कारण त्या बायकांना तीच वेळ सोयीची असते. भाड्यानं राहणारीचीही हरकत घरमालकाच्या हरकतीइतकीच धरावी. आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या प्रतिनिधींना लेखी बोलावणं जावं. मसुदा मी इथून लिहून पाठवायला तयार आहे, सह्या तुम्ही गोळा करा.